एनॉक वेस्ट: सात जणांची बंदी, एकट्याची जन्मठेप

डिसेंबर 1915 मध्ये इंग्लिश फुटबॉलच्या कारभाऱ्यांनी लिव्हरपूलविरुद्धच्या एका मॅचचा निकाल आधीच ठरवल्याच्या आरोपावरून मँचेस्टर युनायटेडच्या तिघांना खेळातून कायमचं बाहेर काढलं. या तिघांपैकी सँडी टर्नबुल आणि आर्थर व्हॉली त्या मॅचमध्ये खेळलेच नव्हते. मैदानात होता तो एकटा एनॉक वेस्ट. लिव्हरपूलच्या चौघांवरही तीच बंदी आली: जॅकी शेल्डन, टॉम मिलर, बॉब पर्सेल आणि टॉमस फेअरफुल. चेस्टरचा एक खेळाडूही अडकला, पण मुख्य गोष्ट या सात जणांची आहे. 1919 साली सहा जणांची नावं मोकळी झाली. वेस्टचं राहिलं, ते 1945 पर्यंत.

त्याच्यावर अन्याय झाला असं म्हणणाऱ्यांना तो निर्दोषच हवा असतो. मला तो निर्दोष वाटत नाही. तरीही सहा जणांना एक माप आणि सातव्याला दुसरं हा हिशेब काही केल्या जुळत नाही. तो का जुळत नाही हे पाहायचं तर वेस्ट कोण होता, किती कमवत होता आणि 1915 च्या वसंतात त्याच्यापुढे काय वाढून ठेवलं होतं, तिथून सुरुवात करावी लागते.

वेस्टचा जन्म 1886 चा, नॉटिंगहॅमशायरमधल्या हकनल टॉरकार्डचा. कोळशाच्या खाणींचं गाव. अशा गावातल्या पोरापुढे दोनच वाटा असत, एक खाणीत उतरणारी आणि दुसरी, पायात कसब असेल तर, फुटबॉलच्या मैदानाकडे जाणारी. वेस्टच्या पायात ते होतं. शेफील्ड युनायटेडकडे थोडा काळ काढून तो 1905 मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टमध्ये आला. पहिल्याच हंगामात फॉरेस्ट खालच्या विभागात घसरला, पुढच्याच वर्षी विजेता होऊन वर आला, आणि 1907-08 च्या हंगामात पहिल्या, म्हणजे लीगच्या सर्वांत वरच्या विभागात सर्वाधिक गोल वेस्टच्या नावावर लागले: 27. त्याला सगळे 'नॉकर' म्हणत. गोलच्या तोंडाशी अंगावर जाऊन खेळणारा दणकट फॉरवर्ड, त्याला हे नाव शोभतंही.

फॉरेस्टमधली एक मॅच मुद्दाम सांगायला हवी. 21 एप्रिल 1909. हंगाम संपत आलेला, फॉरेस्टच्या डोक्यावर घसरणीची टांगती तलवार, आणि समोर आधीच घसरलेला लेस्टर फॉस हा क्लब. निकाल 12-0. वेस्टसकट फॉरेस्टच्या तिघांनी हॅटट्रिक केली. साहजिकच लोकांना वाटलं, यात काहीतरी पाणी मुरतंय. चौकशी बसली. निष्पन्न काय झालं, तर लेस्टरची मंडळी आपल्या एका जुन्या सहकाऱ्याच्या लग्नात यथेच्छ पिऊन आली होती आणि तो अंमल मॅचपर्यंत उतरला नव्हता. फॉरेस्टवर ठपका आला नाही. म्हणजे निकालावर संशय, मग चौकशी समिती, मग वर्तमानपत्रांतली चर्चा, हे सगळं वेस्टनं 1915 च्या सहा वर्षं आधीच जवळून पाहिलं होतं. त्या वेळी तो सुटलेल्या बाजूला होता.

1910 च्या उन्हाळ्यात मँचेस्टर युनायटेडनं त्याला घेतलं. क्लब नुकताच ओल्ड ट्रॅफर्डच्या नव्या मैदानावर आला होता. पहिल्याच हंगामात वेस्टनं लीगमध्ये 19 गोल केले आणि युनायटेड विजेता झाला. शेवटच्या दिवशी युनायटेडनं संडरलंडला 5-1 हरवलं, पण तेवढ्यानं भागलं नसतं. ॲस्टन व्हिलानं कुठेतरी ठेच खायला हवी होती. ती खाल्ली लिव्हरपुलात, 3-1 अशी. लिव्हरपूलच्या मदतीनं युनायटेडचं भलं होण्याची ही पहिली खेप, आणि ती पूर्णपणे स्वच्छ होती. पुढची दोन वर्षं वेस्ट युनायटेडकडून सर्वाधिक गोल करत राहिला. क्लबसाठी एकूण 181 सामने आणि 80 गोल, हा त्याचा अंतिम हिशेब.

आता पैशाकडे. 1901 पासून इंग्लंडमध्ये व्यावसायिक फुटबॉलपटूच्या पगारावर कमाल मर्यादा होती: आठवड्याला 4 पौंड. 1910 नंतर जुन्या खेळाडूंना ती वाढवून 5 पौंडांपर्यंत नेता येऊ लागली. कारखान्यातल्या कामगाराच्या मानानं हे बरेच पैसे, पण तिकीट काढून वीस-तीस हजार माणसं ज्याला पाहायला येतात त्याच्या मानानं चिल्लर. त्यात दुसरी गोम अशी, की करार संपला तरी क्लब खेळाडूला 'राखून' ठेवू शकत असे. जुन्या क्लबनं सोडल्याशिवाय दुसऱ्या क्लबकडे जाता येत नसे. पगार वाढवून मागता येत नाही आणि नोकरीही बदलता येत नाही, अशी दुहेरी कोंडी.

यातून चोरटे व्यवहार जन्माला आले नसते तरच नवल. 1905 मध्ये मँचेस्टर सिटीच्या बिली मेरेडिथनं व्हिलाच्या खेळाडूला 10 पौंडांची लाच देऊ केल्याचं प्रकरण गाजलं. त्यातून सिटी खेळाडूंना मर्यादेबाहेर पैसे देत असल्याचं बाहेर आलं आणि 1906 मध्ये 17 खेळाडूंवर कारवाई झाली. त्यांत टर्नबुल होता. मेरेडिथ आणि टर्नबुल दोघेही मग शेजारच्या युनायटेडमध्ये आले. याच मंडळींनी 1907 मध्ये मँचेस्टरला खेळाडूंची संघटना उभी केली. 1909 मध्ये फुटबॉल असोसिएशननं, म्हणजे इंग्लिश फुटबॉलच्या कारभारी संस्थेनं, संघटना सोडा नाहीतर बाहेर जा म्हणून दटावलं, तेव्हा युनायटेडचे खेळाडू अडून बसले. टर्नबुल त्यांच्यातही होता. वेस्ट त्या वेळी फॉरेस्टमध्ये, पण पुढच्याच वर्षी तो या ड्रेसिंग रूममध्ये येऊन बसला. कारभाऱ्यांच्या शब्दाला देववाणी न मानणारी ती खोली होती.

युद्ध सुरू झालं ऑगस्ट 1914 मध्ये, आणि लीगचा हंगाम तरीही सुरू राहिला. त्यावरून भरपूर टीका झाली. धडधाकट तरुण खंदकात जायचे सोडून चेंडू लाथाडतात आणि हजारो लोक ते बघत बसतात, असा सूर होता. डिसेंबरमध्ये फुटबॉलपटूंची खास पलटण निघाली. प्रेक्षक रोडावले, खेळाडूंच्या पगाराला कात्री लागली. 1915 चा वसंत येईपर्यंत सगळ्यांना कळून चुकलं होतं, की हा हंगाम संपला की व्यावसायिक फुटबॉल बंद. किती काळ, ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

वेस्ट तेव्हा नुकताच 29 वर्षांचा झाला होता. त्याचा गोलांचा सूरही उतरला होता. पाच वर्षं एका क्लबकडे काढली की खेळाडूला बेनिफिट मॅच, म्हणजे जिचं उत्पन्न त्याला मिळे अशी मॅच, मिळण्याची प्रथा होती. ती क्लबच्या मर्जीवर असे, पण पगारावर मर्यादा असलेल्या माणसाला चार पैसे गाठीला बांधायचा तोच एक सरळ मार्ग होता. वेस्टची पाच वर्षं त्याच उन्हाळ्यात भरत होती. नेमकी तेव्हाच दुकानाला कुलपं लागणार. हे कारण झालं, निमित्त झालं. सबब मात्र होत नाही. त्याच ड्रेसिंग रूममध्ये तोच पगार घेणारे आणि तरी 'मी यात नाही' म्हणणारेही होतेच.

2 एप्रिल 1915, गुड फ्रायडे, ओल्ड ट्रॅफर्ड. युनायटेड तळाशी घुटमळत होता, लिव्हरपूल त्याच्या बऱ्याच वर होता. युनायटेडनं मॅच 2-0 जिंकली, दोन्ही गोल जॉर्ज अँडरसनचे. नुसत्या आकड्यांत खटकण्यासारखं काही नाही. खटकला तो खेळ. लिव्हरपूलच्या खेळाडूंत जीवच नव्हता. युनायटेडला पेनल्टी मिळाली, ती पॅट्रिक ओ'कॉनेलनं गोलच्या इतकी बाहेर मारली की प्रेक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं असेल. दुसऱ्या अर्धात वेस्टचा उद्योग काय, तर चेंडू मिळेल तिथून लांब मैदानाबाहेर भिरकावणं, असं नंतर सांगितलं गेलं. आघाडीवर खेळून नाव कमावलेल्या माणसाचं हे काम नव्हे.

आणि मग फ्रेड पॅग्नम. लिव्हरपूलचा हा फॉरवर्ड कटात सामील व्हायला तयार नव्हता. शेवटाकडे त्यानं मारलेला फटका आडव्या खांबावर आदळला, आणि त्याच्याच संघातले काही जण त्याच्या अंगावर धावून बोलले. मला वाटतं, सगळ्या प्रकरणातला सर्वांत बोलका क्षण तोच. गोल होता होता राहिला म्हणून सहकारी हळहळतात; इथे होता होता झाला असता म्हणून चिडले. कागदपत्रं, कबुल्या, साक्षी सगळं नंतर आलं, पण ज्यानं हे डोळ्यांनी पाहिलं त्याला वेगळा पुरावा कशाला हवा होता?

बुकींना तो हवा होता. मॅचनंतर काही दिवसांत मँचेस्टर परिसरात पत्रकं फिरू लागली: 2-0 याच नेमक्या निकालावर मोठमोठ्या रकमा लागल्या होत्या, भाव एकास सात. हा भाव समजून घेतला तर मोह किती होता ते कळतं. कुणी 20 पौंड लावले असते तर 140 पौंड हाती आले असते. म्हणजे आठवड्याला 5 पौंड मिळवणाऱ्याचा 28 आठवड्यांचा पगार, एका दुपारी. बुकींनी पैसे द्यायचे थांबवले आणि माहिती देणाऱ्याला बक्षीस जाहीर केलं. खेळाच्या शुचितेची काळजी सर्वांत आधी ज्यांच्या खिशाला कात्री लागली त्यांना वाटावी, हे काही फक्त इंग्लंडात घडत नाही.

चौकशीला महिने लागले. धागा शेल्डनपर्यंत गेला. तो आता लिव्हरपूलचा असला तरी पूर्वी युनायटेडमध्येच होता. दोन्ही बाजूंच्या लोकांशी त्याची ऊठबस. मँचेस्टरमधल्या एका पबमध्ये बसून निकाल ठरला, पैसे वेगवेगळ्या हातांनी लावले गेले. त्यामुळे मैदानात नसलेले टर्नबुल आणि व्हॉलीही कटात धरले गेले; पैज लावायला बूट घालावे लागत नाहीत. पॅग्नमनं सहकाऱ्यांविरुद्ध साक्ष दिली. मेरेडिथ त्या दिवशी युनायटेडकडून खेळत होता. आपल्याला कशाचीच कल्पना नव्हती, पण कुणी आपल्याकडे चेंडूच देईना तेव्हा संशय आला, असं त्यानं सांगितलं. दहा वर्षांपूर्वी लाचेच्या प्रकरणात बंदी भोगलेला हा माणूस. त्याला या वेळी कुणी विचारलं नसेल, की त्या मंडळींना तू ऐन वेळी घोटाळा करशील अशी भीती वाटली असेल म्हणून तुला वगळलं असेल. माझा तरी अंदाज तोच आहे.

डिसेंबरच्या अखेरीस निकाल लागला. खेळाडूंना खेळण्याची, क्लबच्या कारभारात भाग घेण्याची आणि कुठल्याही फुटबॉल मैदानात पाऊल टाकण्याचीही कायमची बंदी. तिकीट काढून मॅच बघायचीसुद्धा सोय नाही. क्लबांचे पदाधिकारी यात नव्हते असं ठरलं, म्हणून क्लबांना दंड नाही, गुण कापले नाहीत, निकाल तसाच राहिला.

हा शेवटचा मुद्दा जरा उलगडून पाहण्यासारखा आहे, कारण या मॅचचं खरं मोल त्यात आहे. हंगामाच्या शेवटी युनायटेडचे 30 गुण, चेल्सीचे 29, टॉटनहॅमचे 28; तळाचे दोन संघ खालच्या विभागात जाणार. त्या काळी विजयाला दोन गुण मिळत. ही मॅच बरोबरीत सुटली असती तर युनायटेड आणि चेल्सी दोघांचे 29 झाले असते आणि मग गोलांची सरासरी, म्हणजे केलेले गोल भागिले खाल्लेले गोल, पाहिली गेली असती. युनायटेडनं हंगामात 46 गोल केले आणि 62 खाल्ले; चेल्सीचे आकडे 51 आणि 65. अँडरसनचे दोन गोल वजा करून भागाकार केला की चेल्सी वर राहते. म्हणजे साधी बरोबरीही युनायटेडला खाली ढकलायला पुरेशी होती. त्याच चेल्सीनं तीन आठवड्यांनी, 24 एप्रिलला, त्याच ओल्ड ट्रॅफर्डवर एफए कपची अंतिम मॅच खेळली आणि शेफील्ड युनायटेडकडून 3-0 मार खाल्ला. गॅलरीत खाकी गणवेशांची एवढी गर्दी होती की ती मॅच 'खाकी फायनल' म्हणूनच ओळखली जाते.

युद्धानंतर 1919 मध्ये पहिला विभाग 20 वरून 22 संघांचा करताना चेल्सीला वरच ठेवण्यात आलं. दुसरी जागा टॉटनहॅमऐवजी मतदानातून आर्सेनलला मिळाली, आर्सेनल 18 मतं, टॉटनहॅम 8. त्या मतदानाची कथा वेगळी आणि तितकीच वादग्रस्त, इथे तिच्यात शिरत नाही. इथे एवढंच पुरे की एका ठरवलेल्या निकालामुळे ज्या क्लबचं नुकसान झालं त्याची भरपाई झाली, ज्या क्लबचा फायदा झाला त्याचा फायदा कायम राहिला, आणि किंमत फक्त पगारी माणसांनी मोजली.

सगळ्यांनीच सुरुवातीला हात वर केले होते. पण कोर्टाची पायरी चढला तो वेस्ट. त्यानं असोसिएशनवर बदनामीचा दावा ठोकला आणि 1917 मध्ये तो मँचेस्टरला सुनावणीला आला. हा निर्णय शूर होता की आततायी, याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही. इंग्लंडच्या कायद्यात बदनामीच्या दाव्यात मजकूर खरा असल्याचं सिद्ध करायची जबाबदारी साधारणपणे समोरच्या पक्षावर येते. त्यामुळे बंद दाराआडच्या चौकशीत जे उलटून तपासता आलं नव्हतं ते उघड्या कोर्टात तपासलं जाईल, अशी वेस्टची आशा असणार. झालं उलटं. निकाल आधी ठरला होता हे शेल्डननं कोर्टात मान्य केलं. मेरेडिथनं 'मला चेंडूच देत नव्हते' ही हकीकत तिथेही सांगितली. वेस्ट हरला, अपील केलं, तिथेही हरला. जो शिक्का पुसायला तो गेला होता तो आता न्यायालयाच्या कागदावरही उमटला.

म्हणूनच मी म्हणतो, त्याला संधी मिळाली नाही ही तक्रार टिकत नाही. बाकीच्या सहा जणांना मिळाली नाही इतकी उघड सुनावणी त्याला मिळाली. आपल्याकडे क्रिकेटमध्ये 2000 साली फिक्सिंगचं वादळ आलं तेव्हा मंडळानं दिलेली आजन्म बंदी बारा वर्षांनी उच्च न्यायालयात टिकली नाही, हे आपण पाहिलं आहे. मंडळाची चौकशी आणि कोर्टाचा निकाल वेगळे पडू शकतात. वेस्टच्या बाबतीत ते वेगळे पडले नाहीत.

वेगळी पडली ती माफी. टर्नबुल फुटबॉलपटूंच्या पलटणीत भरती झाला, पुढे ईस्ट सरे रेजिमेंटमध्ये गेला आणि 3 मे 1917 रोजी फ्रान्समध्ये आरासच्या लढाईत मारला गेला. व्हॉली पॅशनडेलच्या लढाईत जखमी झाला. शेल्डन खंदकातून आपण निष्कलंक असल्याची पत्रं लिहीत होता, पुढे कोर्टात वेगळं बोलला ते बोललाच. युद्ध संपल्यावर, 1919 मध्ये, देशसेवेची जाण ठेवून असोसिएशननं सहा जणांवरची बंदी उठवली. टर्नबुलचं नाव मृत्यूनंतर मोकळं झालं. शेल्डन आणि पर्सेल लिव्हरपूलकडून पुन्हा खेळले. व्हॉली युनायटेडमध्ये परतला. टॉम मिलरची तर कमाल: तो स्कॉटलंडकडून आंतरराष्ट्रीय मॅच खेळला, आणि 1920 मध्ये त्याला विकत घेतलं ते मँचेस्टर युनायटेडनं. ज्या मैदानावर मुद्दाम हरण्यासाठी त्याला शिक्षा झाली, तेच त्याचं घरचं मैदान झालं.

वेस्ट मात्र या यादीत नव्हता. उघडपणे सांगितलेला निकष युद्धसेवेचा होता आणि त्यात तो बसत नव्हता. पण हा निकष जरा हातात घेऊन पाहा. बंदी निकाल विकल्याबद्दल होती, खंदकात न गेल्याबद्दल नव्हे. सहा जणांनी शिक्षेचं कारण धुऊन काढलं असं मानलं, तर शेल्डन, ज्यानं सगळी जुळवाजुळव केली आणि कोर्टात कबूलही केलं, तो धुतला गेला. आणि त्याच कटातला वेस्ट डागाळलेला राहिला. कारभाऱ्यांना कोर्टात खेचण्याचा राग या निर्णयात किती होता, ते कागदावर सापडणार नाही. असोसिएशनला कोर्टाचं वावडं जुनंच होतं, आणि 1909 मध्ये संघटना फोडायचा प्रयत्न करताना याच ड्रेसिंग रूमनं त्यांना दमवलं होतं, हे विसरून चालणार नाही. तीन वर्षांनी राग निवळला असता, पाच वर्षांनी तरी. 1919 मध्ये वेस्ट 33 वर्षांचा होता. एखाद-दोन हंगाम खालच्या विभागात खेळला असता, पुढे कुठे प्रशिक्षक म्हणून लागला असता. ज्याची पेनल्टी सगळ्यांनी पाहिली त्या ओ'कॉनेलवर तर ठपकाही आला नाही. तो पुढे स्पेनला गेला आणि त्याच्या हाताखाली रेआल बेतिस 1935 मध्ये स्पॅनिश लीग जिंकला. एकाच दुपारी एकाच मैदानात असलेल्या दोघांच्या वाटा इतक्या लांब गेल्या.

वेस्टनं गुन्हा कबूल केला नाही. 1945 मध्ये, दुसरं महायुद्ध संपण्याच्या सुमारास जी सर्वसाधारण माफी झाली, तीत त्याचीही बंदी उठली. तो 59 वर्षांचा होता. 1965 मध्ये तो वारला. 1945 मध्ये कायद्यानं त्याला फुटबॉलच्या मैदानात जायची परवानगी मिळाली खरी, पण ओल्ड ट्रॅफर्ड मार्च 1941 मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालं होतं, आणि युनायटेडला आपल्या घरच्या मॅचेस 1949 पर्यंत शेजारच्या सिटीच्या मैदानावर, भाडं भरून, खेळाव्या लागल्या.